तुरीचा सरवा

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा माहेर म्हणजे मी एकटाच उरलो होतो. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. अमरावतीत दोन खोल्यांचं घर, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर, आणि त्यात बावन्न वर्षांचा एक माणूस, ज्याला चहा आणि पोहे यापलीकडे काही करता येत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आमच्याकडचा रिवाज. जावई अकोल्याला एका डाळमिलमध्ये मशीनवर कामाला आहे. भला पोरगा. तो फोनवर म्हणाला होता, "बाबा, इथंच करू नं बाळंतपण. माही आई हाय, बहीण हाय." मी म्हटलं, "माझी लेक आहे, मी करीन," आणि फोन ठेवून दिला.

माझा स्वभावच तसा. मोडेन पण वाकणार नाही, असं लोक कुणाबद्दल कौतुकानं बोलतात. माझ्याबद्दल ते कंटाळून बोलतात.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. प्राध्यापक नाही, तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे, आणि तेही कधी हातात पडतील हे वरच्यालाच ठाऊक. त्या वर्षी पोळ्यापासून काही आलं नव्हतं. दिवाळी कोरडी गेली. शिकवण्या घ्याव्यात तर मराठीची शिकवणी लावतो कोण? अशात मार्गशीर्षात, सातवा महिना लागल्या लागल्या, लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. चेहरा पिठासारखा पांढरा. मला वाटलं प्रवासानं असेल.

सरकारी दवाखान्यात नाव घातलं. डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढीच होती. तिनं रिपोर्ट पाहिला, लेकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळली. "काका, रक्त सातच आहे हिचं. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. खाऊ घाला हिला. डाळी, पालेभाज्या, गूळ, अंडी. नवव्या महिन्यात दहाच्या आसपास गेलं नाही तर मी इथं जोखीम घेणार नाही, नागपूरला पाठवीन. आणि बाईचं रक्त कमी असलं की बाळंतपणात काय होतं ते मला सांगायला लावू नका."

मी सांगायला लावलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझी भीती लेकीला कळू नये म्हणून मी तिच्यावरच खेकसलो की जरा हळू चाल.

अंड्याचा प्रश्न तिथंच निकालात निघाला. बायको महानुभाव घरातली. वर्षातून एकदा रिद्धपूरला जाणारी, घरात अंड्याचं टरफलही न येऊ देणारी. लेक म्हणाली, "अंडं नाही खात मी बाबा. आईच्या चुलीवर तर नाहीच." मी वाद घातला नाही. अंडं गेलं, म्हणजे उरली डाळ आणि पाला. तुरीच्या डाळीचा भाव तेव्हा असा होता की दुकानदार तो सांगताना माझ्याकडे न बघता तराजूकडे बघायचा.

मग मी बाजार शिकायला लागलो. बावन्नाव्या वर्षी. आधी चकचकीत दिव्यांच्या मोठ्या दुकानात गेलो, कारण तिथं एकावर एक फुकट मिळतं असं ऐकलं होतं. फुकट मिळत होती बिस्किटं आणि कपडे धुण्याची पावडर. त्यातलं लेकीच्या रक्तात काही जाणार नव्हतं. मग वाण्याकडे. तिथं मी हिंग घ्यायचं सोडलं, तेलाचा डबा सोडून पाव पाव किलो आणायला लागलो, आणि महिन्याच्या शेवटी कळलं की पाव पाव किलोनं डबा जास्त महाग पडतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी तर दातही पाडून घेत होतो.

बायकोचा एक नियम होता. ती म्हणायची, "भाव करायचा तर गादीवर बसलेल्याशी करावा. डोक्यावर टोपलं घेऊन येणारीशी नाही." भाजीवालीनं सांगितला तो भाव ती मुकाट्यानं द्यायची आणि वाण्याशी मात्र शेंगदाण्याच्या एका मुठीवरून भांडायची. मला तिची गंमत वाटायची. ती गेल्यावर तो नियम मी माझाच असल्यासारखा चार लोकांत सांगत असे. वर्गातसुद्धा एकदा सांगितला होता. मोफत आहे तोवर तत्त्व फार छान लागतं जिभेला.

एका संध्याकाळी इतवाऱ्यातल्या भाजीबाजारात गेलो, मुद्दाम उशिरा, बाजार उतरताना. उतरत्या बाजारात माळणी भाव पाडतात, कारण उरलेला पाला परत घरी नेऊन करायचं काय? मी पालकाच्या जुड्यांसमोर उभा राहिलो. भाव करायचा नाही हा नियम होता, म्हणून तिनं आपणहून पाडावा याची वाट पाहत होतो. पाच मिनिटं झाली. माळीण म्हणाली, "घ्या नं मास्तर. काहून नुसते पाहून राहिले? पाहाचे पैसे नाही घेत मी." आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. तिनं सांगितला त्या भावानं मी दोन जुड्या घेतल्या. तिनं वर सांभाराच्या चार काड्या टाकल्या. ती चार काड्यांची कोथिंबीर मी घरी आल्यावर कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो, कारण त्या दिवसातलं फुकट आणि स्वच्छ मनानं आलेलं तेवढंच होतं.

हळूहळू जमायला लागलं. शेजारच्या काकूंच्या परसात मुनग्याचं झाड आहे. शेवग्याच्या शेंगा सगळेच खातात, पण त्याचा पाला रक्ताला चांगला, हे त्यांनीच सांगितलं आणि वर ढीगभर तोडूनही दिला. मुनग्याची भाजी, जवसाची चटणी, रेशनच्या गव्हाच्या पोळ्या, करडईची भाजी. ज्वारी आमच्या लहानपणी गरिबाचं खाणं होतं, आता तिचा भाव ऐकून मी डबा खाली ठेवला. भाजीत बेसन लावून चून करायला शिकलो. पहिल्या दिवशी त्यात इतक्या गुठळ्या झाल्या की लेक म्हणाली, "बाबा, हे चून हाय का सांडगे?" ती हसली तेवढ्यानंही मला बरं वाटलं.

पण ती खात नव्हती. हेच मला कळत नव्हतं. गोळी घेतली की उलटी. ताट वाढलं की दोन घास, मग "मन नाही होत बाबा." मी वरण करायचो, डाळ मोजून एक मूठ, पाणी तीन वाट्या. ती वाटीत चमचा फिरवायची, डब्याकडे एकदा बघायची आणि वाटी माझ्याकडे सरकवायची. "तुमी घ्या. मले मळमळते." मी चिडायचो. डोहाळे म्हणजे काय नखरे आहेत का, असं एकदा म्हणालोही. तिनं उठून ताटं उचलली. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात रक्त तपासलं तर सव्वासात.

जावई पंधरा दिवसांनी रविवारी यायचा. अकोल्याहून सकाळच्या गाडीनं यायचा, खुर्चीच्या कडेवर ताठ बसायचा, दोन संत्री आणि बिस्किटाचा पुडा टेबलावर ठेवायचा. पौषातल्या एका रविवारी तो घसा खाकरून म्हणाला, "बाबा, आमच्या मिलमध्ये चुरी निघते. डाळ फुटते नं मशीनमध्ये, ते तुकडे. डाळच असते, फक्त फुटकी. कामगाराइले लय कमी भावात..."

"आमच्याकडे सगळं आहे," मी म्हणालो. "अजून फुटकी डाळ खायची वेळ आली नाही."

त्यानं माझ्या लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. तो विषय पुन्हा निघाला नाही.

मग मला शेत आठवलं.

आमचं वडिलोपार्जित शेत नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला आहे. आहे म्हणजे दादाचं आहे. माझा हिस्सा मी लेकीच्या लग्नात दादालाच विकला. त्यानं योग्य भाव दिला, म्हणून त्याच्याकडे आता डाळ मागायला माझ्याकडे तोंड नव्हतं. पण दादाचा मुलगा फोनवर सहज बोलून गेला होता की तूर सोंगून झाली, हडंब्याचं मशीन लावून मळणीही झाली. आणि मला लहानपणचं आठवलं. तूर कापून, वाहून, मळून झाली तरी रानात किती सांडलेलं असतं. दोन ओळींमधल्या तासातासात शेंगा, मळणीच्या जागी कुटाराच्या, भुशाच्या ढिगाभोवती मातीत मिसळलेले दाणे. पाखरं खातात, उंदरं नेतात. आपण वेचलं तर कुणाचं काय जातं? विकत घ्यायचं नाही, भाव पाडायचा नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही, आणि आपल्याच काळ्या मातीतलं. मला इतकं साधं, इतकं स्वच्छ उत्तर सापडलं होतं की मी स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं निघालो. लेकीला सांगितलं, दादाकडे जाऊन येतो. दादा घरी नव्हता, तुरीची पोती घेऊन चांदूर रेल्वेच्या मार्केटला गेला होता. ते मला बरंच वाटलं. वहिनीकडून पाणी प्यालो आणि पिशव्या घेऊन शेतात गेलो.

मी त्या दिवशी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत वाकून होतो. धसकटं पायाला टोचत होती, कंबर मोडली होती, पण हात थांबत नव्हते. एकेक शेंग उचलायची, फोडून पाहायची, पिशवीत टाकायची. कुटाराजवळ तर दाणे मुठीमुठीनं मिळाले. रुमालात माती घेऊन दाणे निवडत होतो. डॉक्टरीणबाईचा आकडा डोक्यात होता आणि प्रत्येक मुठीबरोबर तो थोडा वर सरकतोय असं वाटत होतं. वेडाच होतो मी. शिकलेला, पण वेडा.

शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली, पाच बाया बसल्या होत्या. मी आलो तेव्हाच त्या येऊन बसल्या असाव्यात. प्रत्येकीजवळ घडी घातलेली, गोणपाटाची रिकामी चुंगडी होती. त्या बोलत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं कुठल्या कामावर जाताना टेकल्या असतील. दुपारी पाणी प्यायला तिकडे गेलो तेव्हा, मास्तरकीची सवय, मी म्हणालो, "काय बाई, बसून राहिल्या? आज काम नाही का?"

त्यातली एक म्हातारी होती, कपाळावर मोठं हिरवं गोंदण. तिनं मला आपादमस्तक पाहिलं. मग माझ्या भरलेल्या पिशवीकडे पाहिलं. "होऊ द्या भाऊ तुमचं," ती म्हणाली.

मला ते आदरानं बोलल्यासारखं वाटलं. मी पुन्हा वाकलो. उन्हं कलली तेव्हा दोन पिशव्या गच्च भरल्या होत्या आणि रान मी हातानं झाडल्यासारखं स्वच्छ केलं होतं. बाया कधी उठून गेल्या ते कळलंही नाही.

घरी ती तूर मी मोगरीनं बडवली, काकूंच्या सुपानं पाखडली. मला सूप धरता येईना, निम्मं कुटार माझ्याच डोळ्यांत. काकू हसून हसून बेजार झाल्या आणि शेवटी त्यांनीच पाखडून दिली. भिजवली, वाळवली, भरडून आणली. मोठा डबा भरला, वर एक भांडं भरलं. त्या संध्याकाळी मी घट्ट वरण केलं. लसूण, जिरं, मुनग्याचा पाला. चमचा उभा राहील इतकं घट्ट.

लेकीनं डब्याचं झाकण काढून आत पाहिलं. हात घालून दाणे वरखाली केले. "एवढी?" ती म्हणाली. "आपल्या शेतातली," मी म्हणालो. ती बसली आणि तिनं तीन वाट्या वरण खाल्लं. पोळी कुस्करून खाल्लं, भातावर खाल्लं, वाटी बोटानं पुसून खाल्ली. मळमळ नाही, काही नाही. गोळी घेतली, तीही पोटात राहिली. मी पाठ फिरवून भांडी घासत राहिलो, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं, ही मातीची ओढ. आपल्या रानातला दाणा पोटात गेला आणि पोर सुधारली. किती सुंदर वाक्यं सुचत होती मला तेव्हा.

पंधरा दिवस तिनं तशीच डाळ खाल्ली. दवाखान्यात रक्त साडेआठ निघालं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली. "असंच चालू ठेवा काका." येताना मी लेकीला उसाचा रस पाजला.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"काय रे, तू शेतात आल्ता म्हणे?"

"हो. तू नव्हतास."

"सरवा नेला म्हणे तुनं."

"पडलेल्या शेंगा होत्या दादा. वायाच जात होत्या."

"वाया?" दादाचा आवाज चढला. "वाया काहून जाईन? सोंगणीची मजुरी ठरली तवाच सरवा त्या बायाइचा ठरला होता. म्हणून त त्याइनं कमी मजुरीत तूर सोंगली. वर्षाची डाळ होते त्याइची तेवढ्यात. आता हरभरा सोंगाले एक बाई याले तयार नाही. म्हणते, मालकाचे पाहुणे सरवा नेते, आमी काय कुटार नेऊ? इतका शिकला तू, हे माईत नाही तुले?"

माहीत होतं. तेच तर. लहानपणी आईनं आम्हा पोरांना सरव्याच्या दिवशी रानात जाऊ दिलं नव्हतं, हे मला दादाच्या तोंडून ऐकताना आठवलं. "आज रान त्याइचं हाय," असं म्हणून तिनं आम्हाला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. सांडलेलं कुणाचं नसतं, असं मला वाटलं होतं. ते मोजून, बोलून, ठरवून कुणाचं तरी होतं. पाच बाया माझ्यासमोर दिवसभर रिकामी चुंगडी घेऊन बसल्या होत्या. मालकाच्या भावाला हटकायचं कसं, म्हणून हे आमचं आहे एवढंही बोलल्या नाहीत. आणि मी त्यांना विचारलं होतं, काम नाही का.

दोन दिवस मी लेकीला काही सांगितलं नाही. डाळ शिजवत राहिलो. काय करू? परत द्यावी तर नववा महिना तोंडावर, आकडा साडेआठ. ठेवावी तर प्रत्येक वेळी डब्यात हात घालताना ते हिरवं गोंदण समोर यायचं. मी डाळीचे दोन वाटे करून पाहिले. अर्धी देऊ, अर्धी लेकीला. मग वाटलं, चोरानं अर्धं परत केलं तर त्याला काय म्हणतात? पुन्हा दोन्ही वाटे एका डब्यात ओतले. मला त्या बायांचा राग आला, की ओरडल्या का नाहीत. दादाचा राग आला, की फोन का केला. मेलेल्या बायकोचाही राग आला, तिच्या नियमांसकट.

लेक दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. "कोणाची हाय बाबा ही डाळ?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. मग खाली बसली, डब्यातली डाळ स्वतःच्या हातानं पिशवीत भरली आणि तोंडाला गाठ मारली. "मंग द्याच लागन," ती म्हणाली. आवाज अगदी तिच्या आईचा.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा त्याच बसनं गेलो. म्हातारीचं घर गावाच्या टोकाला, दोन पत्रे आणि एक शेळी. ती अंगणात बसून काड्या मोडत होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. बोलायचं ठरवून आलो होतो, पण इतकंच निघालं, "ही तुमची आहे. पाचजणींची."

तिनं गाठ सोडली, मूठभर डाळ तळहातावर घेतली. "भरडून आनली?"

"हो."

"तूर त जास्त होती. मी पायलं होतं."

"थोडी खाल्ली."

"कोनं?"

"लेकीनं. पोटुशी आहे. रक्त कमी आहे तिचं."

म्हातारीनं हातातली डाळ हळूच पिशवीत सोडली. "मंग खाल्ली त खाल्ली. पोटातलं का काढाचं हाय?" ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, अजिबात न रागावता, "पन भाऊ, तुमी तवा मले मांगतली असती, त म्या देल्ली असती. पोटुशीची ओटी भरून देल्ली असती. आमी पाचीजनी देल्ली असती. तुमी नेली आन् आता तुमीच वापस आनली. आता म्या काय देऊ?"

ती पिशवीवर हात ठेवून थांबली. मला नक्की माहीत आहे, ती थांबली होती. मी तेव्हा तोंड उघडलं असतं, एवढंच म्हटलं असतं की माय, आता दे, तर तिनं ओंजळभर तरी घातली असती. मी "येतो" म्हणालो आणि चालायला लागलो.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. लेकीनं भात टाकला होता, मुनग्याचा पाला निवडत बसली होती. रिकामी पिशवी तिनं घेतली, झटकली, खिळ्याला अडकवली. मी ताटं मांडली. तिनं दोन घास भात खाल्ला आणि ताट सरकवलं. "मन नाही होऊन राहिलं बाबा."

मी तिच्याकडे पाहिलं. मग डब्यांच्या फळीकडे पाहिलं. मोठा डबा रिकामा, झाकण बाजूला. तीन वाट्या वरण खाणारी ही तीच पोर, आणि आज पुन्हा मन होत नाही? मी उठलो, फोन घेतला आणि अकोल्याला लावला. जावयानं उचलला. मी म्हणालो, "डाळ पाहिजे." बस्स, दोन शब्द. पण म्हणताना माझा आवाज फुटला.

तो घाईघाईनं बोलायला लागला. "बाबा, आनतो नं. उद्याच आनतो. पोतं केव्हाचं भरून ठेवलं हाय घरी, तुमची लेक तिकडं आली त्याच आठवड्यात भरलं. चुरी नाही बाबा, अख्खी डाळ हाय. तेच म्हणे, बाबानं आपल्या तोंडानं मांगतल्याबिगर आनजा नोका, त्याइले लागन. म्हणून त मी..."

पुढचं मी ऐकलं नाही. पोतं दुसऱ्या दिवशी आलं. बाळंतपण अमरावतीतच झालं, नागपूरला जावं लागलं नाही, मुलगी झाली, दोघीही सुखरूप आहेत. दादाकडे हरभरा सोंगायला त्या बाया शेवटी गेल्या. हे सगळं नीट झालं, आणि कुणी माझ्यावर रागावलेलंही नाही. तरी त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावरचं मला अजून पेलत नाही.

लेक पाला निवडत होती. काडी वेगळी, पान वेगळं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सातव्या महिन्यापासून ती माझ्याकडे वाटी सरकवत आली होती. मूठभर डाळ, तीन वाट्या पाणी, आणि तिची नजर डब्याकडे. मी तिला नखरे म्हणालो होतो.

"तुला भूक लागायची?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. हातातलं पान ताटात टाकलं.

"लागे नं बाबा," ती म्हणाली. "रोजच लागे."